‘लई राबलो’च्या पुढे काय विचारायचं?

प्रश्न : माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ८६ वर्षांचे आहेत, आजी ऐंशीच्या पुढे. गाव माण तालुक्यातलं. दोघांचं सगळं आयुष्य बैलाच्या शेतीत गेलं. दिवाळीनंतर जुनं घर पाडायचं ठरलंय आणि माळ्यावरची औजारं काका भंगारात देणार आहेत. त्याआधी आठवणी रेकॉर्ड कराव्यात म्हणून मी दोनदा बसले. ‘तेव्हाची शेती कशी होती?’ असं विचारलं की आबा म्हणतात, ‘लई राबलो, काय सांगू.’ पुढे गाडी हलत नाही. आजी तर ‘मला काय कळतंय, त्यांनाच इचार’ म्हणून आत निघून जाते. बाबा सांगतात, आबा दिवसाला दोन एकर नांगरायचे. काकांच्या मते ही नुसती फुशारकी. बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की आबा उठून अंगणात जातात. विचारायचं कसं? आणि औजारांतलं ठेवायचं काय?
— एक नात, पुणे

उत्तर :

‘लई राबलो’ हे तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आहे. प्रश्नच एवढा मोठा आहे की त्याला धरायला मूठ नाही. आबांनी एका दिवसात कधी ‘शेती’ केली नाही. एका दिवशी त्यांनी कुळवाची (ढेकळं फोडून रान सारखं करायच्या औताची) फास, म्हणजे पातं, बदलली, दुसऱ्या दिवशी पाभर, म्हणजे पेरणीचं औत, जुंपली, तिसऱ्या दिवशी रात्रभर दारं धरली, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवलं. विचारायचं ते या कामाबद्दल, आणि तेही हातात औजार असताना.

म्हणून पहिलं काम रेकॉर्डिंगचं नाही, माळा उतरवण्याचं आहे. काकांना सांगून सगळी औजारं अंगणात सावलीला काढून घ्या. आबांना काही उचलायला लावू नका. खुर्चीत बसवा आणि नांगराचं रुमणं (हातात धरायचा दांडा) नुसतं त्यांच्या हाताशी आणून ठेवा. मग तीनच प्रश्न : हे कशाला बांधायचं? हे तुटायचं कुठं? तुटलं की काय करायचं? नांगराची हाळीस, फाळ, जू, शिवळा, जुपण्या ही नावं तुम्हाला पाठ नसली तरी चालतील. उलट नसलेलीच बरी. चुकीचं नाव घ्या, आबा दुरुस्त करतील आणि त्या दुरुस्तीतूनच गोष्ट सुरू होईल. जू बैलाच्या मानेवर कुठं टेकायचं, खांदा सुजला की काय लावायचं, नवा खोंड कोणत्या बाजूला आणि कुठल्या जुन्या बैलाशेजारी जुंपायचा, हे माणूस ‘शेती कशी होती’ला सांगत नाही. जू समोर दिसलं की सांगतो.

पाभरीपाशी जरा जास्त वेळ थांबा, कारण वर्षाचं नशीब तिथं ठरायचं. वर चाडं, म्हणजे बी सोडायचं लाकडी भांडं, चाड्यातून खाली गेलेल्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला फण. एक माणूस औत हाकणार, दुसरं चाड्यावर मूठ धरणार. मुठीतून दाणे सारखे सुटले नाहीत तर एका जागी दाट आणि पुढं विरळ. ओल जास्त असली तर फणापाशी चिखल चढून नळी तुंबते. बी चाड्यात पडताना दिसतं, जमिनीत मात्र पोचत नाही, आणि हे कळतं कधी? उगवण दिसायला लागली आणि एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, रिकामा राहिला म्हणजे. तो रिकामा तास अख्ख्या गावाला दिसायचा. नळी तुंबली हे मूठ धरणाऱ्याला कशावरून कळायचं, आणि रिकामा तास पुन्हा कसा भरायचा, हे नक्की विचारा. रब्बीच्या ज्वारीला पाभर खोल का लावायची हेही विचारा. (वरची माती वाळलेली असते, ओल खाली असते, पण हे तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू दे.)

आता दोन एकरांचं भांडण. हे कागद-पेन्सिलनं मिटतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नांगराचा तास, म्हणजे चर, वीतभर, म्हणजे सुमारे ९ इंच रुंद धरला, तर एक एकर नांगरायला बैलांना ५८,०८० फूट चालावं लागतं. अकरा मैल. जवळजवळ १८ किलोमीटर, आणि त्यात बांधाशी वळण्याचं अंतर धरलेलंच नाही. दोन एकर म्हणजे ३५ किलोमीटर, जमिनीत रुतलेला फाळ ओढत. एका जोडीला एका दिवसात हे होत नाही. ऊन चढलं की औत सोडावंच लागायचं. म्हणजे काकांचं बरोबर? थांबा. कुळवाची फास अडीच फूट धरली तर एकराला साधारण सव्वापाच किलोमीटरच चालणं होतं. एक फूट अंतरानं पेरणारी तीन फणांची पाभर एका फेरीत तीन फूट घेते; तिला एकराला साडेचार किलोमीटरही पडत नाहीत. दोन एकर कुळवणं किंवा पेरणं ही धडधाकट जोडीची रोजची मजल झाली. बाबांनी लहानपणी ऐकलेलं ‘दोन एकर’ बहुधा कुळवाचं असावं. आणखी एक शक्यता आहे : इर्जिक. गावातले पाच-सहा नांगर एका रानात उतरायचे, रान एका दिवसात उलथायचं आणि जेवण रानमालकाचं. ज्याच्याकडे एकच बैल, त्याची दुसऱ्या एकबैल्याशी सावड असायची. तेव्हा आबांना ‘खरंच दोन एकर का?’ असं उलटतपासणीसारखं विचारू नका. ‘त्या दिवशी किती औतं होती? कुणाची बैलं? कुठल्या रानात?’ असं विचारा. आकडा आपोआप जागेवर येईल आणि कुणाचा अपमानही होणार नाही.

मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची मोठी पखाल, त्यांच्या तरुणपणी चालत असणार. विहीर बुजली असली तरी धाव, म्हणजे मोट ओढताना बैल चालायचे ती वाट, शोधा. विहिरीपासून उतरत जाणारी, पायांनी दाबून कठीण झालेली ती पट्टी बऱ्याच ठिकाणी अजून ओळखू येते. ती टेपनं मोजा. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, जितका ओढला जाईल तितकीच मोट वर येते, म्हणून धावेची लांबी साधारण पाण्याच्या खोलीइतकी तरी असावीच लागते. म्हणजे धाव ४० फूट निघाली तर पाणी थारोळ्यापासून (विहिरीच्या काठावर मोट रिकामी होते त्या हौदापासून) साधारण तेवढ्या खोलीपर्यंतच्या बेतानं ती विहीर बांधली असं समजायला हरकत नाही. मग आबांना धावेवर उभं करा (सकाळी, ऊन नसताना, हाताला धरून) आणि एका खेपेची गोष्ट मागा. एकाच. मोट बुडाली हे कळायचं कसं, बैल कुठल्या शब्दावर निघायचे, मोटकरी नाड्यावर कधी बसायचा, सोंदूर (मोटेच्या सोंडेचा बारीक दोर) कधी ढिला करायचा म्हणजे सोंडेतून पाणी थारोळ्यात पडेल, आणि मग बैल उलट्या पावलांनी वर कसे आणायचे. मोट चामड्याची होती की लोखंडी? चामड्याची असली तर वाळून तडकू नये म्हणून काय करायचे, कोण शिवून द्यायचं, त्याला सुगीत काय जायचं? पाटाच्या दुसऱ्या टोकाला दारं धरायला कोण होतं? बहुतेक ठिकाणी आजी किंवा एखादं पोर. एक वाफा भिजायला किती मोटा लागायच्या हे विचारलंत तर रात्रीची मेहनत आपोआप आकड्यात उतरेल. ‘लई’ म्हणायची गरज राहणार नाही.

तारखा मागू नका. ‘कुठल्या साली?’ हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. वर्षाच्या आतला काळ नक्षत्रांनी विचारा : मृगाला काय चालायचं, आर्द्रा कोरड्या गेल्या तर काय, तरण्या-म्हाताऱ्या पावसात म्हणजे पुनर्वसू-पुष्यात भांगलण (तण काढणं) कशी उरकायची, हस्त पडला तर ज्वारीचं काय. मृग ७-८ जूनला लागतो आणि प्रत्येक नक्षत्र साधारण १३-१४ दिवसांचं, त्यामुळे महिन्याचा हिशोब तुम्हाला नंतर घरी बसून लावता येतो. साल काढायला मोठ्या घटनांचे खुंटे वापरा. नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, तो सातारा जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही, मग बहात्तर. ‘भूकंपाच्या वेळी मोट चालू होती का इंजिन आलं होतं? गोठ्यात कुठली जोडी होती?’ याला उत्तर लगेच येतं. बैलांची नावं तर हमखास आठवतात, आणि कुठला बैल किती वर्षं होता यावर अर्धा काळपट उभा राहतो.

मापांत मात्र फसायला होतं. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पण मण कुठं बारा पायल्यांचा, कुठं सोळा. पायली हे माप आकाराचं, वजनाचं नाही. ज्वारीची पायली आणि भुईमुगाच्या शेंगांची पायली काट्यावर सारखी भरणार नाही. ‘वीस पोती झाली’ यातलं पोतंही किलोचं समजू नका. घरात जुनी पायली असेल तर ज्वारी शिगेला भरून तराजूवर घाला, आलेला आकडा वहीत लिहा आणि आबांची सगळी मापं त्यावर ताडून बघा. कडबा मोजायचा तो पेंढ्यांत आणि पाचुंद्यांत. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. शेकड्याला वर किती पेंढ्या घालायच्या हे तुमच्या गावचं आबांनाच विचारा.

शब्द बदलू नका. तुमच्याकडे कुळव, विदर्भात वखर. तुमची कोळपणी, तिकडची डवरण. तुमची भांगलण कुठं खुरपणी तर कुठं निंदणी. लिहून काढताना आबांचं ‘व्हतं’ तसंच ठेवा. पुण्याच्या मराठीत आणलं की वाक्याबरोबर अर्थही सपाट होतो.

आजी आत का जाते? कारण तुम्ही ‘शेती’ म्हणता आणि घरात त्या शब्दाचा अर्थ औत असा आहे. औत आबांचं. पण चाड्यावर मूठ कुणाची होती? भांगलणीची पात (वाट्याची ओळ) कुणी धरली, दिवसभर उकिडवं बसून खुरपं कुणी चालवलं आणि तेव्हा तान्हं लेकरू कुठल्या झाडाला झोळीत होतं? हुरड्यात आलेल्या ज्वारीवरची पाखरं गोफणीनं कुणी राखली? कणसं कुणी खुडली? खळ्याचंच घ्या. जागा निवडून पाणी शिंपडायचं, बैल फिरवून जमीन दाबायची, मधोमध तिवडा (ज्याभोवती बैल फिरतात तो खांब) रोवायचा, मग शेणानं सारवायचं. सारवण पातळ झालं तर बैलांच्या खुरांनी पोपडे निघतात आणि माती धान्यात जाते, मग ती भाकरीत कचकचते. हे आबा सांगणार नाहीत, कारण ते निवडायला बसले नाहीत. उफणायला वावडीवर (उंच तिवईवर) कोण चढायचं, पाटी कोण भरून द्यायचं, वारा पडला की किती दिवस रास तशीच झाकून ठेवायची आणि रात्री खळ्यावर कोण झोपायचं, हेही तिलाच विचारा.

आणि बियाणं. हायब्रीड येण्याआधी बी घरात राखलं जायचं, आणि बहुतेक घरांत ते बाईच्या हातात होतं. मळणीआधी टपोरी कणसं वेगळी काढायची, वाळवायची, दाणे राखेत कालवून मडक्यात भरायचे आणि तोंड शेणामातीनं लिंपायचं. राख दाण्यांच्या फटीत बसते आणि किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, त्यामुळे तो वाळून मरतो. बी अर्धवट वाळलं तर मात्र राख असूनही आत बुरशी धरते. पुरेसं वाळलंय हे आजी कशावरून ओळखायची? दाताखाली धरून, आवाजावरून, की हात घालून? हा प्रश्न तिला समोर बसवून विचारू नका. ती काही निवडत, सोलत असेल तेव्हा शेजारी बसा, आपणही निवडायला घ्या आणि फोन बाजूला पालथा ठेवा. आधी सांगून, चोरून नाही. घरात जातं असेल तर त्याला कितव्या महिन्याला टाकी लावायला, म्हणजे दगड टाचून खरबरीत करायला, लागायची इथून सुरुवात करा. टाकी गेलेलं जातं दळत नाही, नुसतं रगडतं, आणि त्याचा सगळा भार खांद्यावर येतो.

बहात्तरचं सांगते ते नीट ऐका. आबा उठून जातात तर जाऊ द्या. मागोमाग फोन घेऊन जाऊ नका. पिकवणाऱ्या माणसानं खडी फोडायला जाणं, दावणीची जनावरं सोडून देणं किंवा कवडीमोलानं विकणं, लेकरांना सुकडीवर ठेवणं, अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी खाणं, यात मेहनतीपेक्षा लाज जास्त होती. बऱ्याच जणांनी ते घरातही बोलून दाखवलं नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हे त्यांना कधीतरी सहज, प्रश्न न विचारता सांगून ठेवा. मग काही दिवसांनी भावनेला हात न घालता कामाचं विचारा : नाला बंडिंग होतं का पाझर तलाव? तो तलाव आता आहे का, दाखवाल का? खडीची बरास कशी मोजायचे? (१०० घनफूट म्हणजे एक बरास.) मुकादम माप कमी धरायचा का? या वाटेनं बोलले तर बोलले. नाही बोलले तर वहीत तेवढी जागा कोरी सोडा. मेलेल्या बैलाचं नाव पुन्हा पुन्हा काढायला लावणं ही नोंद नव्हे, छळ आहे.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, घडी केलेल्या टॉवेलवर तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे. सकाळी न्याहारीनंतर बसा. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे स्वतः बोलून घ्या. त्याच दिवशी दुसरी प्रत काढा आणि त्याच आठवड्यात लिहून काढा. महिन्यानं ऐकलं तर ‘शिवळ’ की ‘सिवळ’ हे तुम्हालाच कळणार नाही. खोलीत बाबा आणि काका दोघंही नकोत.

कागदांचा आधार घ्या, पण डोळे झाकून नको. जुन्या सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारावर कुठल्या साली कुठलं पीक आणि किती क्षेत्र हे असतं. हस्तलिखित सातबारे आणि फेरफार बऱ्याच जिल्ह्यांचे महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. तो कागद आबांसमोर वाचून दाखवला की ‘ह्या साली हरभरा? छ्या!’ असं काहीतरी निघतं. पीकपाहणी चावडीत बसूनही लिहिली जायची, तेव्हा अशा वेळी आबांचंच खरं असण्याची शक्यता बरीच आहे. आजीची मेहनत या कागदात कुठंच सापडणार नाही.

औजारांतलं सगळं ठेवायला जागा नसते. माझ्या मते पाभर ठेवा, चाड्यासकट, कारण तिचे भाग सुटे झाले की परत जुळवता येत नाहीत; एक जू शिवळा-जुपण्यांसकट, पायली, आजीचं खुरपं आणि जात्याच्या दोन्ही तळ्या खुंट्यासकट. नांगर मोठा असतो. जागा नसेल तर फाळ आणि रुमणं ठेवा आणि बाकीच्याचे टेप लावून फोटो काढा. प्रत्येक भागाला आबांनी सांगितलेल्या नावाची चिठ्ठी सुतळीनं बांधा, डिंकानं चिकटवू नका. रंग किंवा व्हार्निश मारलं की हाताच्या घासण्यानं आलेली झिलई जाते, आणि रुमण्यावर बघण्यासारखं तेवढंच असतं. लाकूड कोरड्या ब्रशनं झाडा, जवसाच्या तेलाचा हात पातळ फिरवा, विटांवर जमिनीपासून उंच ठेवा म्हणजे वाळवी दिसेल तरी. लोखंडाचा सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढून तेलाचं फडकं फिरवा. आणि घर पाडायला यंत्र लावण्याआधी अंगणात किंवा ओसरीखाली पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर, आहे का ते आबांना विचारा. असेल तर कुणीही आत उतरू नये. बंद पेवात कोंडलेली हवा माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करते. म्हणून पूर्वी पेव उघडून वारं खेळू द्यायचे आणि आधी कंदील सोडून बघायचे. आज कंदिलाच्या भरवशावरही कुणाला उतरवू नका, यंत्रानं बाहेरूनच उघडं करून भरून घ्या.

पुढच्या खेपेला आधी स्वयंपाकघरात जा. बी कोण राखायचं, एवढंच आजीला विचारा, पण अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात. तिचं काहीतरी चुकलं म्हणून आबा बाहेरून दुरुस्ती करतील, ती उलट सुनावेल. तेव्हा मधे बोलू नका. फोन उचलून उंबऱ्यावर ठेवा.